स्वभावाची परीक्षा माझ्यासमोर झाली

फोन माणसाचा स्वभाव सांगतो म्हणतात. मी मानत नाही. का, ते ऐका.

माझ्या नातीला बघायला कन्नड गावचा मुलगा आला होता. तिला पहिल्या नजरेतच आवडला. पोहे झाल्यावर तिने फोन पुढे केला. "एवढ्या प्रश्नांची उत्तरं द्या. स्वभाव कळतो."

मुलगा मोठ्याने वाचू लागला. "सुट्टीत मित्रांबरोबर फिरता की घरी काम करता?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "घरी काम."

"चारचौघांत गाता, नाचता का?" पुन्हा माझ्याकडे पाहिलं. "नाय, अजिबात नाय."

मला पोरगा फार पटला.

निकाल आला. शिस्तीचा, कडक, हसणं कमी. नात मला आत नेऊन हळूच म्हणाली, "आबा, हे तर तुम्हीच! घरात एक आबा लई झाले." आम्ही नकार कळवला.

पुढे पुंडलिकनगरात एका लग्नाला गेलो. वरातीत बँडपुढं तोच मुलगा नाचत होता, सगळ्यांना हसवत होता. नात माझ्याशेजारी उभी राहून बघत होती. त्याने मला ओळखलं, येऊन पाया पडला.

मी विचारलं, "काय रे, त्या दिवशी खोटं का सांगितलंस?"

"आबा, तुम्ही समोर बसला होता. दुसरं काय सांगणार?"

मी नातीकडे पाहिलं. ती बांगडी फिरवत होती. आयुष्यात पहिल्यांदा मी कुणाला आग्रह केला. "पुन्हा एकदा घरी ये की."

"व्हय, येतो ना आबा," तो म्हणाला. "बायकोलाही आणतो."