पाटीवरची चार मिनिटं

हॅलो? … कोण, आई? ऑफिसच्या नंबरावर कशाला लावलास? आणि बोलतेयस कुठून? तू तर एव्हाना डोळ्यांच्या दवाखान्यात असायला हवीस.

… थांब्यावर? तीन नंबरच्या? अगं, मी काल दोनदा सांगितलं, टॅक्सी कर म्हणून. दादालाही बजावलं होतं, तिला टॅक्सीत बसवून मगच कामावर जा. … त्यानं बसवलं. आणि तो वळल्यावर तू उतरलीस. वा. … का, तर मुलगी ट्रामच्या ऑफिसात असताना टॅक्सीनं कशाला जायचं.

हो, हो… अगं ऐक ना. ट्राम येणार नाहीये.

… पाटीवर काय आहे ते मला माहीत आहे. 'पुढची ट्राम चार मिनिटांत.' … आई, ते मीच लिहिलंय.

… हातानं नाही गं. इथे कॉम्प्युटरवर टाकलं की चौदाही थांब्यांवर एकदम दिसतं. सकाळी सहाला टाकलं मी. … मग चारच दिसणार ना दिवसभर. चाराचे तीन व्हायला ट्राम निघावी लागते.

… हळू बोलतेय कारण पलीकडच्या खोलीत पाहुणे बसलेत. ट्रामसाठी निधी देणारे. सहा गाड्यांतून आलेत, गाड्या खाली चालूच ठेवल्यात, आतला गारवा जाऊ नये म्हणून. त्यांच्यामुळेच तर मला रजा नाही दिली, नाहीतर मीच नसतं का नेलं तुला.

… अगं, दोनच तर ट्राम घेतल्या. स्वस्तातला प्रकल्प ना आपला. एक बंद पडली, तिचे भाग काढून दुसरीला लावले. ती दुसरी आज डेपोच्या आवारात पाहुण्यांना आळीपाळीनं फिरवतेय, बागेतल्या लहान मुलांच्या गाडीसारखी, गोल गोल.

… ट्राम छान आहे, मी कुठे नाही म्हणतेय. आवाज नाही, धूर नाही, वीजही एवढीशी लागते. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. आम्ही तिच्या वाट्याला आलो हे तिचं दुर्दैव.

… कोण म्हणतंय? पोस्टमास्तर? हे कोण आता? … बाकावर शेजारी बसलेत. रिटायर झालेत. बरं. … पाटी सरकारी आहे, तेव्हा ट्राम येणारच, असं त्यांचं म्हणणं. केव्हापासून बसलेत विचार जरा. … नऊपासून. आता किती वाजले? दहा पंचवीस. म्हणजे दीड तास होत आला तरी चारच मिनिटं राहिलीत, आणि त्यांना काही वाटत नाही. … हो, पोस्टात सवय झाली असेल.

आई, ऐक. तुझी ऑपरेशनची वेळ अकराची आहे. साडेअकराला डॉक्टर निघून जातात. पाच महिने थांबलो आपण या तारखेसाठी. आज चुकली तर पुढची कधी मिळेल कोण जाणे, आणि तोवर दुसरा डोळाही…

एक मिनिट.

होय, मॅडम. आपली तक्रार नोंदवून घेतली आहे. … गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, मॅडम. … कृपया आवाज चढवू नका.

… गेले. अगं, साहेब आले होते, फाइल न्यायला. … मग काय त्यांच्यासमोर 'आई, आई' करू? … नाही गं, परकी नाही केली तुला. मॅडम म्हणजे काय शिवी आहे का? बरं, चुकलं माझं.

… चारच का? आता हे नीट ऐक, म्हणजे निघशील तरी. वर खांबाला कॅमेरा आहे बघ. … हात नको हलवूस त्याला. तो डोकी मोजतो. थांब्यावर जेवढी डोकी, तेवढी माणसं ट्रामनं गेली असं धरायचं. म्हणजे तेवढ्यांनी आपापल्या गाड्या काढल्या नाहीत. म्हणजे तेवढा कार्बन वाचला. तो आकडा चौकातल्या मोठ्या फलकावर झळकतो. … हो, न जाताच. … तू तासभर ताटकळतेयस ना, तुझ्या नावावर चांगला घसघशीत कार्बन वाचलाय. पोस्टमास्तर रोज येत असतील तर त्यांचा सत्कारच करायला हवा.

… दहा लिहिलं तर लोक निघून जातात गं. दोन लिहिलं तर दोन मिनिटांनी शिव्या देतात. चाराला माणूस थांबतो. साहेबांनी महिनाभर वेगवेगळे आकडे लावून हे शोधून काढलंय. … हुशार आहेतच, त्याशिवाय का साहेब झाले.

… मी टॅक्सी पाठवते इथून. … का नाही बसणार? … चार मिनिटांत ट्राम येत असताना. आई, तुला मी आत्ता काय सांगितलं?

… म्हणजे काय, मी बोलते ते काळजीपोटी आणि लिहिते ते विचार करून? दोन्ही मीच ना? … हो, लहानपणी मी तापाचं सांगून शाळा बुडवायचे. त्याचा इथे काय संबंध?

… पेपर वाचता येत नाही, औषधाची बाटली वाचता येत नाही, ही पाटी मात्र लख्ख दिसते. हो गं, अक्षरं आम्हीच मोठी केली. म्हाताऱ्या माणसांना त्रास नको म्हणून.

… काय सांगितलंस? कोणाला? … सगळ्यांना? ही पाटी माझी मुलगी लिहिते म्हणून? … आणि पुढे काय म्हणालीस?

… परत सांग.

… 'माझी मुलगी खोटं लिहायची नाही.' असं म्हणालीस. थांब्यावर, सगळ्यांसमोर.

… नाही रडत. लाज वाटतेय, आई. खूप लाज वाटतेय.

… बरं. फोन ठेवू नकोस. पाटीकडे बघत राहा. … काही करत नाहीये मी. लिहितेय.

… बदललं? वाच मोठ्यानं. … चष्मा पूस आधी. … हो, 'आज'. पुढे? … 'ट्राम नाही.' बरोबर. अजून आहे खाली. … 'टॅक्सी करा.' झालं.

… आता पटलं. इतका वेळ मी इथे घसा कोरडा करतेय ते नाही पटलं.

… पोस्टमास्तर काय म्हणतात? … सरकारच सांगतंय म्हटल्यावर उठले. त्यांना कुठे जायचंय? … दवाखान्याच्याच रस्त्याला? मग एकाच टॅक्सीत बसा. … आणखी दोघी आहेत? घ्या त्यांनाही. बघ, चौघांत एक टॅक्सी. आज पहिल्यांदा खरोखरीचा कार्बन वाचला.

… नाही, चौदाही थांब्यांवर गेलं ते. एकट्या तीन नंबरला वेगळं लिहिता येत नाही. … चौकातल्या मोठ्या फलकावर पण, हो, इथल्या खिडकीतून दिसतंय. … इथे? इथे पडद्यावर डोकी कमी होतायत. दोनशे होती… दीडशे… निघाले गं लोक. कामाला निघाले.

… मिळाली? बस, बस. दार नीट लाव. रिपोर्टची पिशवी? … पोस्टमास्तरांनी धरलीय. चांगला माणूस आहे. पंधरा मिनिटांत पोचशील. … ही पंधरा खरी आहेत.

… माझं काय व्हायचंय? बघू. … अगं, तुझ्या डोळ्यापेक्षा मोठं आहे का ते?

थांब, दार वाजलं.

हो साहेब. … हो, सगळ्या थांब्यांवर. … मीच लिहिलं. … नाही, चुकून नाही. … पाहुण्यांनी खिडकीतून वाचलं? बरं झालं, मला सांगावं लागणार नाही. … फोनवर? … तक्रारवाल्या मॅडम नाहीत त्या, साहेब. आई आहे माझी. तासभर तीन नंबरला ताटकळत होती. तुमच्या वाचलेल्या कार्बनमध्ये आहे ती.

… हॅलो, आई? आहेस ना? … ऐकलंस सगळं. … बरं. जा शांतपणे, घाबरू नकोस. उद्या पट्टी सोडतील तेव्हा मी समोरच असेन.

… रजा? त्याची काळजी नको. साहेब इथेच उभे आहेत, चेहऱ्यावरून तर भरपूर देतील असं दिसतंय. ठेवते.