गिरणीतलं बाकडं

सकाळचं ऊन आधी एसटीच्या धुळकट काचेवर थबकलं, मग दांडीवरून सावकाश उतरत पुढच्या बाकावरच्या दोन पदरांवर विसावलं. मागे कुणाच्या नजरेत न येता बसलेला सोमनाथ त्या उन्हाकडेच पाहत होता. गावातल्या नव्या गिरणीनं त्याच्या पिठाच्या गिरणीचं गिऱ्हाईक ओढलं होतं. दळणाचा दर आणखी उतरवून तशी पाटी रंगवून घ्यायला तो आंबवड्याहून भोरला निघाला होता.

"फुलाआत्या, तुमी बी नव्या गिरणीत जाता?"

"व्हय गं अश्विनी."

"तिथं तर दळण महाग!"

"असू दे की. बसाया बाकडं हाय. दळण व्हईस्तवर चार गोष्टी व्हत्यात."

"सोमनाथच्या गिरणीत बी व्हतं की."

"जागा अडती म्हनून काढलं म्हनं. पीठ मातुर रेशमावानी दळतो हां!"

"मग सांगा की त्याला, बाकडं ठिव म्हनून."

"कुणाला सांगू? डबा ठिवला की त्यो पट्ट्याकडं बघत ऱ्हातो. लेकरू गुणाचं हाय, पर आमचंच भ्या वाटतं त्याला!"

भोर आलं. दोघी हसत उतरल्या. सोमनाथ बसूनच राहिला.

बाकड्यानं जागा कधीच अडली नव्हती. बायका काहीबाही विचारायच्या आणि त्याला उत्तर सुचायचं नाही, म्हणून त्यानं ते काढलं होतं.