तीन मजल्यांचा व्हिडिओ

भाऊ : व्हिडिओ काढून टाका म्हणून शिबिरवाल्यांना सांगणार? ताई, त्यांच्या फेसबुक पानावर सगळ्यात जास्त पाहिला जातो तो. किती छान बोलली आहेस.

ताई : त्याचीच तर किळस येते. ते छान बोलणारं तोंड माझंच आहे.

भाऊ : पण तीन मजले चढलीस, हे काही खोटं नाही.

ताई : चढले. हा थकव्याचा आजार जडल्यापासून चार वर्षांत पहिल्यांदा. शिबिरातले सर म्हणाले, थकवा अंगात नाही, थकण्याच्या भीतीत आहे. पाय भरून आले की मोठ्याने म्हणायचं, मी बरी आहे. वर पोचले, टाळ्या पडल्या, मलाही खरंच वाटलं. पुढचे अकरा दिवस कुणी चित्रित केले नाहीत.

भाऊ : त्यांना सांगायचंस.

ताई : सांगितलं. म्हणाले, जुने विचार परत आले असतील. भिंत धरधरून संडासला जात होते रे मी, आणि वर अपराधी वाटायचं ते मलाच.

भाऊ : म्हणजे मनाचे उपचार सगळे थोतांड?

ताई : तसं कुठे म्हणतेय? दवाखान्यातल्या समुपदेशक बाईही मनाबद्दलच बोलायच्या. दमायच्या आधी थांब. रडू आलं तर रड. शिलाई मशीनवर दहा मिनिटं ठरवलीस तर दहाच. आठवड्याला एक उशीचा अभ्रा तरी व्हायचा हातून. बरं करते, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. म्हणून तुला कुचकामी वाटल्या.

भाऊ : तुला असं पडलेलं बघवत नव्हतं. म्हणून घातलं शिबिरात.

ताई : ठाऊक आहे. पण काल एका बाईंचा फोन आला. सोळा वर्षांची मुलगी, हाच आजार. माझा व्हिडिओ दाखवून रोज तिला जिना चढायला लावतात. रडली की विचारतात, त्या काकूंना जमलं, तुला का नाही? वर माझे आभार मानत होत्या.

भाऊ : तू काय म्हणालीस?

ताई : शुभेच्छा दिल्या. फोन ठेवला आणि स्वतःचीच शिसारी आली.

भाऊ : शिबिरवाले तुला खोटारडी ठरवतील.

ताई : ठरवू देत. त्या बाईंचा नंबर लाव. माझ्याच्याने फोन धरवत नाही.

(भाऊ नंबर लावून फोन तिच्या कानाशी धरतो.)

ताई : नमस्कार. हो, व्हिडिओतली काकूच. आज मुलीला झोपू द्या. मी जिना चढले ते खरं आहे. पुढचं सांगायचं राहिलं होतं.