शेवटचं अंडं

घानातल्या कुमासीत वाच्येच्या, म्हणजे चवळीभाताच्या, टपरीवर रांग होती. मागचे एक गृहस्थ आणि एक बाई आपल्याबद्दलच बोलताहेत हे कळताच निवृत्त मिडफिल्डर ड्वोमोने टोपी डोळ्यांवर ओढली.

"फायनलला गोल समोर मोकळा होता, बाई! आणि या ड्वोमोने पास दिला!"

"आणि त्या दुसऱ्या दिवट्याने चेंडू आभाळात मारला! माझ्या नवऱ्याने रेडिओ फोडला."

"पायात जादू होती हो त्याच्या."

"जादू काय चाटायचीय? समोर आलेलं घ्यावं की माणसाने!"

"अहो टोपीवाले, तुमचा नंबर," टपरीवाली मावशी ओरडली. "एकच अंडं उरलंय. टाकू?"

"त्या मागच्या बाईंना द्या."

"अगं बाई, हा ड्वोमोच! मेल्या, अजून सुधारला नाहीस! आणा ते अंडं इकडे. मी नाही आभाळात मारणार!"