वल्ही कोण मारणार?

...नाही, पाठीचं विचारूच नका! पाठ आता माझी राहिलीच नाही, ती सासऱ्याच्या होडीची झाली. मे महिना, पण आमच्या थंड मुलखात तळ्यावरचा बर्फ परवा कुठे फुटलाय, पाण्यात बोट घातलं तर बोट आपलं आहे की शेजाऱ्याचं ते कळत नाही, आणि उजाडायच्या आत हा सासरा, आल्टन पिंकम, दारात! ऐंशी वर्षांचा माणूस, झोप येत नाही तर पडून राहावं ना? छे! "वेंडेल, ऊठ. सॅमन मासा वाट बघत नाही."

अहो, वाट बघत नाही कसा? बघतोच की! या तळ्यात अडकून, शंभर हात खोल पाण्यात बसून, समुद्राचं तोंड न बघता, पिढ्यानपिढ्या तो दुसरं करतोय काय?

बरं, होडीला मोटार आहे. आहे! मागे चांगली लटकवलेली आहे. पण ती लावायची नाही. का? तर म्हणे मोटारीने होडीमागे ओढलेला गळ सरळ जातो, आणि वल्ह्याने कसा झटके खात जातो, जखमी माशासारखा, मग सॅमन फसतो. मग वल्ही कोण मारणार? तुम्हाला सांगतो, पिंकमांच्या घरात कायदा आहे. ज्याने या तळ्यातला सॅमन धरला नाही, त्याने वल्ही मारायची. आता मला सांगा, ज्याचे दोन्ही हात वल्ह्यांना, तो मासा धरणार कशाने? दातांनी? हे मी लोर्नाला, माझ्या बायकोला, लग्नाच्या वर्षीच विचारलं होतं. ती म्हणाली, "बाबांनीही वीस वर्षं मारली." झालं! न्याय मिळाला!

आणि धरला तरी नुसता धरून चालत नाही हो. तळ्याच्या धक्क्यावर रोलंड पेल्कीचं दुकान आहे, गळ, कॉफी, डोनट, सगळं मिळतं. तिथे चारचौघांत स्वतःच्या तोंडाने सांगायचं, "मी धरला." तेव्हा तो मोजायचा. पण एवढा पहिला मासा वगळला, तर बाकी जन्मभर पिंकमांनी दुकानात काय बोलायचं? "काही नाही." डबा माशांनी भरून सांडत असला तरी "काही नाही." कारण मिळाला म्हटलं की दुसऱ्या दिवशी त्या जागेवर सतरा होड्या! हे मला साखरपुड्याच्या जेवणातच पढवलं. घेवड्याची उसळ वाढता वाढता! आणि तेव्हापासून दर वसंतात मी तिथे उभा राहतो, खांदे उडवत म्हणतो, "काही नाही. मासा खोल आहे." घोकून घोकून जीभ गुळगुळीत झाली.

तर आज सकाळी काय झालं... आल्टन होडीत मागे बसून पेंगला. तोंड उघडं, टोपी नाकावर. मी हळूच गळाची जादा काठी मांडीखाली दाबली, पिसांचा गळ सोडला, आणि मारतोय वल्ही, मारतोय... आणि मांडीखालून काठी निघाली की हो! वल्हं सोडलं, काठी धरली, आणि तो उडाला! पाण्याबाहेर, चांदीसारखा, एकदा, पुन्हा, पुन्हा! मी ओरडतोय, "आल्टन! अहो आल्टन!" म्हातारा जागा झाला, जाळं घातलं पाण्यात आणि मासा होडीत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं. थंडीने नाही. मला वाटलं, सुटलो! उद्यापासून मागे बसायचं, गुडघ्यावर घोंगडी, हातात काठी, आणि वल्ही मारतील दुसरे!

परत येताना होडी मीच वल्हवली, पण ती शेवटची म्हणून. अगदी गाणं म्हणत!

दुकानात शिरलो. मासा मोठ्या डब्यात, ओल्या गोणपाटाखाली. चौघे जण कॉफी घेऊन बसलेले. आल्टन माझ्याकडे बघतोय. रोलंडने नेहमीसारखं विचारलं, "काय वेंडेल, लागलं काही?"

आणि मी... अहो मी... खांदे उडवले आणि म्हणालो, "काही नाही. मासा खोल आहे."

निघून गेलं तोंडातून! परत घ्यायला गेलो, "नाही नाही, म्हणजे मिळाला, मी धरला!" तर चौघेही हसले. "हो हो, वेंडेल. आम्हालाही रोज मिळतो." डबा उघडून दाखवणार, तर आल्टन त्यावर बसलेला! कॉफी पीत!

बाहेर आल्यावर म्हाताऱ्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. लग्नाच्या दिवशीही ठेवला नव्हता. म्हणाला, "शाबास पोरा. आज तू खरा पिंकम झालास."

मी म्हटलं, "मग उद्या वल्ही कोण मारणार?"

"तू," म्हणाला. "मासा कुठे मिळालाय तुला?"