नवस बोलताना पत्ता कोण विचारतं?

मला एवढंच सांगा, नारळाला काय धार असते का हो? मुंबईच्या विमानतळावर तो गणवेशातला माणूस माझ्या पिशवीत हात घालून नारळ बाहेर काढतो आणि म्हणतो, "मॅडम, ये अंदर नहीं जाएगा," मी म्हणते, "भाऊ, ओटीचा आहे तो," तो म्हणतो, "किसी का भी हो," आणि माझ्यामागं रांगेत आमची सगळी पोरं-पोरी, गळ्यात क्रूस, पाठीला सॅक, गुपचूप उभी. फादर पुढं आले. म्हणाले, "ये हमारे साथ हैं, चर्च की यात्रा में." तो माणूस माझ्या कुंकवाकडं बघतो, फादरांच्या क्रूसाकडं बघतो, नारळाकडं बघतो... आणि टाकला की हो टोपलीत, कात्र्यांच्या आणि लायटरांच्या ढिगावर. मी लांबूनच हात जोडले त्याला.

मोनिका म्हणून एक चुणचुणीत पोरगी होती आमच्यात, ती म्हणते, "काकू, मोठ्या बॅगेत टाकायचा ना." अगं बाई, मोठ्या बॅगेत माझ्या चपला होत्या. चपलांना लावून ओटीचा नारळ ठेवू?

तुम्ही म्हणाल, ही तुळजापूरची बाई, कपाळाला एवढं कुंकू, ही ख्रिस्ती पोरांच्या यात्रेत कशी घुसली? तुम्हाला सांगते. नवसानं.

माझी लेक मैथिली. तिची दोन बाळं पोटातच गेली होती. तिसऱ्या खेपेला सातव्यातच कळा लागल्या, म्हणून मिशनच्या दवाखान्यात नेली. नात झाली ती वीतभर, ठेवली काचेच्या पेटीत. बाहेर व्हरांड्यात मूर्ती होती, पांढरं वस्त्र, डोक्यावर मुकुट, हात जोडलेले. तिथल्या ॲग्नेस सिस्टर म्हणाल्या, "ही फातिमा गावची माई, येशूची आई. हिला मागा." आता मला मागायला सांगायची गरज असते का? मी पदर पसरला आणि बोलून गेले, "माई, माझी नात जगव, तुझ्या मूळ ठाण्यावर येऊन तुझी ओटी भरीन."

आमच्याकडं कसं असतं, गावोगाव देवीची देवळं असतात, पण मूळ ठाणं तुळजापूर. लोहाऱ्याची बाई नवस बोलते, भूमची बाई बोलते, एसटीत बसते, ओटी भरते आणि दिवेलागणीला घरी जाऊन भाकरी थापते. मला वाटलं माईचंही तसंच असेल. सोलापूरकडं कुठंतरी, फार तर वसई. नवस बोलताना पत्ता कोण विचारतं हो?

नात जगली. शिवरंजनी नाव ठेवलं. मी पेढे घेऊन सिस्टरांकडं गेले, म्हटलं, "माईच्या मूळ ठाण्याला कुठली गाडी धरायची?" त्या म्हणाल्या, "पोर्तुगाल." मी म्हटलं, "कोणत्या तालुक्यात येतं ते?"

त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं ना... समुद्राच्या पार, जमीन संपते तिथं. घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे पेपर खाली न ठेवता म्हणाले, "येडशीच्या रामलिंगाला चल म्हटलं तर तुझे गुडघे दुखतात."

राहिलं मग. म्हटलं, माईला समजत असेल बाईमाणसाचं. पण मैथिलीला पुन्हा दिवस गेले, आणि आमच्या शेजारच्या शांताक्का, सत्तरी गाठलेल्या, पण लक्ष सगळ्या गल्लीवर, त्या ओसरीवर बसून म्हणतात, "का गं उमा, पहिलं फेडलं न्हाईस आन् दुसरं मागतीस व्हय? देवी काय इसरती का? म्या आपलं सांगून ठिवते, पोरगी सुटायच्या आत ओटी गेली पायजे." झालं. मैथिलीचं पोट वाढतंय आणि मला ते पोट दिसलं की समुद्र दिसायचा.

तर सिस्टरांचाच फोन आला. चर्चची तरुण पोरं फातिमाला निघाली होती, पोरींसोबत जाणाऱ्या बाईचा पाय मोडला, मोठी बाईमाणूस हवी होती. पासपोर्ट माझा होता, दुबईच्या दिराकडं जायचं ठरून राहून गेलेलं; व्हिसाचं चर्चवाले बघणार होते. फादरांनी विचारलं, "तुम्ही ख्रिस्ती नाही, तुम्हाला अवघड नाही ना वाटणार?" मी म्हटलं, "फादर, मी नवसाची आहे." त्यावर ते म्हणाले, "मग चला."

विमानात पोरं गिटार वाजवून गाणी म्हणतायत, मी मनातल्या मनात नारळ मागतेय. खण होता, तांदूळ होते, हळकुंड-सुपारी होती. नारळ नाही. मैथिलीला अजून महिना होता, म्हटलं, मिळेल कुठंतरी. आणि तिथं उतरून बसमधून फातिमाकडं निघालो तोच ह्यांचा फोन. "मैथिलीला कळा सुरू झाल्यात. बाळ आडवं आहे म्हणतायत. ऑपरेशनला घेतील... तू पोचलीस का तिथं?" बघा, पेपर खाली न ठेवणारा माणूस, तो मला विचारतोय, पोचलीस का.

मी उठून ड्रायव्हरपाशी गेले. म्हटलं, "गाडी थांबवा, नारळ पाहिजे." त्याला काय कळतंय मराठी. फादर धावत आले, मी सगळं सांगितलं, रडतच सांगितलं. फादर म्हणतात, "काकू, नारळाशिवाय माई ऐकणार नाही असं थोडंच आहे?" मी म्हटलं, "फादर, माई ऐकेल हो. पण मी शब्द दिलाय." त्यांनी बस एका मोठ्या दुकानापुढं थांबवली. अख्खी बस उतरली. कुणी फळांकडं, कुणी भाज्यांकडं, सगळीकडं "कोकोनट, कोकोनट." आणि मोनिका घेऊन आली एक.

शेंडी नव्हती हो त्याला. गुळगुळीत तासलेला, वर प्लास्टिक गुंडाळलेलं. शेंडी नसलेला नारळ ओटीत घालू? देवीकडं शेंडी करून ठेवतात नारळ, आता ह्याचं तोंड कुठं समजायचं? मी तिथं दुकानात मटकन बसलेच. मोनिका बसली शेजारी, नारळ फिरवून बघितला आणि म्हणते, "काकू, डोळे आहेत ना त्याला तीन. डोळे माईकडं करा. बघू दे तिला." आमच्या शंभर पिढ्यांत हे कुणाला सुचलं नव्हतं.

पोचलो. केवढं पटांगण ते. आणि त्यातून एक गुळगुळीत दगडी पट्टा उतरत जातो थेट माईच्या छोट्या देवळापर्यंत, आणि त्या पट्ट्यावरून बायका चालल्यात... गुडघ्यांवर. मी फादरांना विचारलं, "ह्या का अशा?" ते म्हणाले, "कबूल केलेलं असतं त्यांनी. काहीतरी मागितलेलं असतं."

म्हणजे नवस. म्हणजे इथंही. माझे पाय एकदम घरी आल्यासारखे चालायला लागले. पण माई होती काचेच्या आत, आणि पुढं एक उंच रखवालदार, तो माझी ओटी बघतो आणि मान हलवतो, "नो, सेन्योरा, नो." तुळजापूरच्या माणसाला पुजारी कसा वळवायचा ते येतं, पण ह्याला मराठीच येत नाही. तिकडं माझी पोरगी टेबलावर, इकडं ओटी हातात. काय करणार होते मी? आमच्याकडं मूर्तीपर्यंत हात पोचला नाही तर देवीच्या नावानं एखाद्या बाईची ओटी भरतात. मी वळून बघितलं. त्या पट्ट्यावरून एक तरणी पोर गुडघ्यांवर येत होती, पोट चांगलं पुढं आलेलं, नवऱ्यानं हात धरलेला, चेहरा घामानं भिजलेला. देवळापाशी येऊन ती टेकली, तशी मी तिच्यापुढं बसले. हळदीकुंकू पुढं केलं, तिनं कपाळ पुढं केलं. ओटी पुढं केली... आणि तुम्हाला सांगते, तिला कुणी शिकवलं होतं? तिनं अंगातल्या सैल सदऱ्याचं टोक दोन्ही हातांनी धरून झोळी केली. खण घातला, तांदूळ घातले, नारळ ठेवला, डोळे माईकडं. ती रडतेय, मी रडतेय, नवरा नारळाकडं बघतोय. आणि मी हात जोडले आणि तोंडाला येईल ते बोलले.

फोन वाजला. हे. "मुलगा झाला. दोघंही बरी आहेत." मागून शांताक्का ओरडून विचारत होत्या, "ओटी गेली का न्हाई ते इचारा आधी."

परत आले, सगळ्यांना जपमाळा वाटल्या. शांताक्कांनी ती उलटसुलट बघितली आणि गळ्यात घातली. मग रात्रीची जेवणं झाल्यावर ह्यांनी सहज विचारलं, "ओटी भरताना काय बोललीस गं?"

मी म्हटलं, तेच आपलं, नेहमीचं. माई, पोरगी सुखरूप सुटू दे...

"पुढं?"

...बाळाला घेऊन परत तुझ्या दारी येईन.

ह्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "दवाखान्यातल्या माईच्या दारी, असं म्हणालीस ना?" नवस बोलताना पत्ता कोण विचारतं, असं इतकी वर्षं म्हणत आले. ह्या खेपेला विचारायचंही कारण नव्हतं. त्याच पत्त्यावर तर उभी होते.