घागर गच्चीवर गेली

हरी म्हणा मंडळी! अहो, जोरात म्हणा! भंडाऱ्याच्या वरणाला फोडणी बसली, वास आला, म्हणून आवाज खाली गेला का? जेवण मिळणार आहे. पण आधी माझं ऐकावं लागणार आहे!

आणि भिंतीला टेकलेल्या माझ्या सगळ्या मावश्या, काकू, आज्या — मांडवात जागा मिळाली नाही म्हणून देवळाच्या सावलीत बसलात ना? बसा. छान गार आहे. फक्त एक करा. आत्ता तुमच्या पायापासून सावलीची कड किती लांब आहे, ते बघून ठेवा. का ते शेवटी सांगते!

आता प्रश्न. ज्याला तोंड आहे, पण तोंडानं मागता येत नाही, त्याच्या पाण्याची काळजी कुणी करायची?

काय म्हणालात आजोबा? देवानं? वा! म्हणजे आपण सुटलो! देवानं पाणी भरायचं आणि आपण कूलरसमोर आडवं व्हायचं! आमच्या वर्गात असं उत्तर दिलं तर बाई बाकावर उभं करतात. बसा आजोबा, तुम्हाला माफ. पण आख्यान ऐका!

तापीकाठी केळीच्या बागांचं एक गाव. नाव सांगत नाही — इथं पाव्हणे बसलेत, उगाच कुणी रुसायचं. त्या गावात इंदुबाई भारंबे. वय पन्नाशीच्या पुढं, बोलणं कमी, हात सतत कामात. मालक सुपडूभाऊ. सुपडूभाऊ म्हणजे राजा माणूस! आणि राजाचा प्रधान कोण? भुंग्या. काळाकुळकुळीत कुत्रा, कानांच्या टोकांना तेवढा तपकिरी रंग. सुपडूभाऊ जेवायला बसले की भुंग्या पायाशी. सुपडूभाऊ बाजेवर आडवे झाले की भुंग्या बाजेखाली. डोक्याशी एक पत्र्याचा जुना कूलर — असा खडखडायचा, असा खडखडायचा, की शेजारी म्हणायचे, "भाऊ, हेलिकॉप्टर उतरवलं का घरात?" पण त्या खडखडाटाशिवाय ना भाऊंना झोप, ना भुंग्याला!

मंडळी, दिवाळीनंतर सुपडूभाऊ गेले.

कूलर बंद पडला, गच्चीवर गेला. भाऊंची चप्पल दारात तशीच. बाजही तशीच. कूलर सोडला तर इंदुबाईनं त्यांची एक वस्तू हलू दिली नाही. आणि भुंग्या? रिकाम्या बाजेखाली झोपायचा. घरात दोघंच उरले, एकीला बोलता येत होतं, पण बोलायचं कुणाशी, म्हणून ती भुंग्याशी बोलायची.

चैत्रात दारात एक मुलगी आली. शबनम तडवी. गावाबाहेर कापसाच्या जुन्या जिनिंगच्या मागं प्राण्यांचा आसरा आहे ना — मोडलेल्या पायांची, सोडून दिलेली, म्हातारी झाली म्हणून हाकललेली जनावरं ठेवतात — तिथली. म्हणाली, "काकू, उन्हाळा सुरू झाला. जुन्या चादरी असतील, गोणपाट असतील तर द्या. आणि वर गच्चीवर तो कूलर दिसतोय... आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये फार भाजतं हो जनावरांना."

इंदुबाई वर बघत राहिली. कूलर बंद होता. पण भाऊंचा होता!

"बघू, पुढच्या वर्षी."

"बरं काकू," शबनम म्हणाली. जाता जाता भुंग्याचे कान कुरवाळले. "याला सांभाळा हं. काळ्या अंगाला ऊन जास्त लागतं. काही झालं तर फोन करा." नंबर दिला आणि गेली.

मंडळी, बंद कूलर! कुणाच्या उपयोगाचा? आणि तुमच्या माळ्यावर काय काय आहे, मी विचारत नाही. माझ्या आईनं विचारलं तर बाबा विषय बदलतात!

आली आखाजी. अक्षय तृतीया! आणि भाऊंच्या नावाची पहिली घागर. आपल्याकडं पहिल्या घागरीचं महत्त्व मी सांगायला नको. कोरी लाल मातीची घागर, पहाटे भरलेली, वर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा, पूजा करायची, पितराला पाणी पाजायचं. इंदुबाईनं महिनाभर तीच एक गोष्ट मनात धरली होती — माझ्या माणसाला उन्हाळ्यात तहानलेलं ठेवायचं नाही!

घर पाव्हण्यांनी भरलं. मोठी नणंद ध्रुपदाबाई कालपासूनच येऊन कारभार हातात घेऊन बसलेली. आणि भुंग्या? तो घागरीभोवती फिरायला लागला. पाटाला नाक लावतोय, घागर हुंगतोय. त्याला काय ठाऊक! भाऊंचा वास येत असेल, कोण जाणे.

"इंदू! अगं, शिवंल तो घागरीला! दादाची पहिली घागर, अन् कुत्र्यानं बाटवली तर? बांध त्याला वर!"

इंदुबाईनं स्वतः नेला. गच्चीवर पाण्याच्या टाकीची ही लांब सावली पडलेली. तिथंच तो कूलर, लोखंडी स्टँडवर. स्टँडच्या पायाला साखळी बांधली. पातेलीत पाणी ठेवलं. सावलीत हात फिरवून बघितला, गार होतं. "बस हं राजा. दुपारी पुरणपोळी आणते."

सांगा मंडळी, चुकली का ती? सावलीत बांधलं. पाणी ठेवलं. प्रेमानं बोलली. चुकली का?

चुकली! एकच गोष्ट विसरली — साखळी जागची हलत नाही, पण सावली हलते!

खाली पुरण वाटलं जातंय. आमरस निघतोय. पोरं घागरीतल्या आंब्यावर डोळा ठेवून. वरून भुंकण्याचा आवाज आला. इंदुबाईचे हात थांबले.

"लाडात आलाय," ध्रुपदाबाई म्हणाली. "पोळी लाट तू."

पुन्हा भुंकला. मग भुंकणं कण्हण्यासारखं झालं. इंदुबाईनं लाटणं खाली ठेवलं. तेवढ्यात कुणी तूप मागितलं, कुणी पाट मागितला, कुणी "वहिनी, पानं घ्या!" म्हणून हाक मारली. मग साखळीचा आवाज आला. खण्ण... खण्ण... खण्ण... कुणी लोखंड ओढतंय. गोल फिरतंय.

आणि मग आवाज थांबला.

"बघ," ध्रुपदाबाई म्हणाली, "झाला ना शहाणा? झोपला."

मृदंगवाले दादा, हात काढा मृदंगावरून. सगळेच जरा गप्प बसा... ऐकू येतंय का काही? नाही ना? ही अशी शांतता होती त्या गच्चीवर. माऊली, लेकरू झोपल्यावर घर शांत होतं, तेव्हा बरं वाटतं. पण लेकरू रडता रडता एकदम गप्प झालं, तर? तर आई हातातलं टाकून पळते की नाही!

पानं वाढली. भाऊंच्या जागी पितर म्हणून जेवायला त्यांचे जिवलग लोटू महाजन बोलावले होते. पंपाच्या मोटारी दुरुस्त करणारा माणूस, हाताला कायम ग्रीसचा वास. लोटूभाऊ पाटावर बसले. पायाशी बघितलं. इकडं बघितलं, तिकडं बघितलं.

"वहिनी, भुंग्या कुठंय? सुपडू जेवायला बसला अन् पायाशी भुंग्या नाही, असं कधी झालंय का?"

इंदुबाईच्या हातातून तुपाची वाटी पडली.

ती धावली! अनवाणी, जिना चढून, गच्चीचं दार ढकललं, आणि पहिलंच पाऊल फरशीवर पडताच ओरडली. तवा, मंडळी! तापलेला तवा! सूर्य डोक्यावर. टाकीची सावली कुठंय? टाकीच्या पोटाखाली शिरलीय, हातभरसुद्धा उरली नाही. आणि भुंग्या — त्या सावलीमागं सरकता सरकता साखळी कूलरच्या पायाला गुंडाळत गेली. गुंडाळत गेली, आखूड होत गेली, शेवटी मान जमिनीला टेकली. पातेली उलटी. जीभ बाहेर, जांभळी पडलेली. तोंडाला चिकट फेस. डोळे उघडे. पण ते डोळे तिला बघत नव्हते!

"भुंग्या! ए राजा!"

कान हलला नाही.

साखळी सोडली, उचलून जिन्याच्या तोंडाशी आणला. अंग भाजत होतं. टाकीचा नळ सोडला — कढत पाणी! "पाणी! खालून गार पाणी आणा कुणीतरी!" खालून उत्तर आलं, माठ संपला. पाव्हण्यांनी फ्रिजच्या बाटल्याही रिकाम्या केल्या. ध्रुपदाबाई बर्फाचा ट्रे घेऊन वर आली, मागून लोटूभाऊ. इंदुबाईनं शबनमला फोन लावला.

"काकू, बर्फ नको! बर्फ अजिबात लावू नका! साधं गार पाणी घ्या. पोटावर, काखेत, पंज्यांवर ओता, वारा घाला. तोंडात जबरदस्तीनं ओतू नका, ठसका लागून जाईल. मी निघाले, रिक्षा घेऊन निघाले!"

साधं गार पाणी. घरभर पाव्हणे, आणि घरात साधं गार पाणी कुठं उरलं होतं, मंडळी?

एकाच ठिकाणी!

इंदुबाई खाली धावली. पूजेच्या पाटासमोर आली. पहाटेपासून झिरपून गार झालेली घागर, भाऊंच्या नावाची. वरचं डांगर बाजूला ठेवलं. घागर उचलली. तोवर ध्रुपदाबाई मागोमाग आली, दारात आडवी उभी राहिली.

"माय वं! इंदू, घागर हलवू नको! दादाच्या नावानं पाणी सोडायचं राहिलंय अजून!"

"सोडते ना ताई. वर जाऊन सोडते."

"कुत्र्यावर?"

"त्यांच्या भुंग्यावर!"

आयुष्यात नणंदेला उलट न बोललेली बाई! ध्रुपदाबाई बाजूला झाली. आणि काय झालं, कुणास ठाऊक — पदर खोचला, पाटावरचा विणलेला पंखा घेतला, आणि तीही मागून जिना चढली!

पाणी पडलं पोटावर. पडलं पंज्यांवर. लोटूभाऊ भुंग्याचं डोकं धरून बसलेले. नणंद वारा घालतेय, "हे देवा, दादाचा जीव याच्यात अडकलाय रे देवा," म्हणत रडतेय. आणि इंदुबाई? तिला रडू येत नव्हतं. ती त्याच्या छातीकडं बघत होती. हलतेय? हलली. आता? हलली... आता? आता?

शबनमची रिक्षा आली. जिनिंगमागच्या शेडमध्ये नेला, डॉक्टर आले, सलाईन लावलं. म्हणाले, "जीव आहे. पण आतून तापलाय. गारव्यात ठेवा, मग बघू."

गारव्यात! वर पत्रा, खाली माती. एकच पंखा, तोही गरम वारा फेकतोय. बाजूला आंधळी मांजर धापतेय, मोडक्या पायाचं वासरू जीभ काढून उभं. शबनम ओली गोणपाटं बदलत होती. कूलरचा शब्दसुद्धा तिनं काढला नाही. एका शब्दानं टोमणा मारला नाही!

मारला असता तर बरं वाटलं असतं, मंडळी. इंदुबाईनं मान वळवली.

"लोटूभाऊ, गच्चीवरचा कूलर चालेल का?"

"सुपडूचा?"

"आणा. इथं आणा."

पितर उपाशी उठला! पान तसंच टाकून लोटू महाजन निघाला. टेम्पोत कूलर आला, कंडेन्सर बदलला, वाळ्याच्या ताट्या भिजवल्या, बटन दाबलं. आणि सुरू झाला तो खडखडाट! हेलिकॉप्टर उतरलं शेडमध्ये! वासरू दचकलं, मांजर उठून बसली.

आणि भुंग्याचा कान हलला.

डोळे मिटलेलेच. पण शेपटीचं टोक मातीवर एकदा आपटलं. थांबलं. पुन्हा एकदा आपटलं. त्याला वाटलं, भाऊ बाजेवर आडवे झाले.

तेव्हा रडली इंदुबाई! दिवाळीपासून राहिलेलं सगळं रडली!

वाचला हो भुंग्या. मागचा एक पाय अजून ओढतो, तो आता तसाच राहणार. आणि कूलर? तो घरी गेलाच नाही. इंदुबाई सकाळी भुंग्याला घेऊन शेडमध्ये जाते, पाण्याच्या कुंड्या भरते, ताट्या भिजवते. परत यायला भुंग्यालाच घाई नसते, त्याला तो खडखडाट सोडवत नाही. ध्रुपदाबाईनं तर माहेरच्या अख्ख्या गल्लीतून जुन्या चादरी गोळा केल्या. ज्यानं दिली नाही, त्याचं काय झालं ते विचारू नका, ध्रुपदाबाईचं तोंड तुम्हाला ठाऊक नाही!

आता सांगा, पितराला पाणी पोचलं की नाही? बोला! आजोबा, तुम्ही बोला! मान हलवली. चला, पास!

पण मंडळी, माझं आख्यान संपलेलं नाही. आता भिंतीकडच्या मावश्यांनो, पायाशी बघा. सावलीची कड कुठं गेली? अंगावर आली ना! तुम्ही सगळ्या भिंतीला चिकटून बसलात. मी बघत होते. काकू, तुम्ही सरकलात. आजी, तुम्ही पिशवीसकट सरकलात. कुणी सांगितलं? कुणीच नाही! चटका बसला, सरकलात. कारण तुमच्या गळ्यात साखळी नाही.

सकाळी घरातून निघताना तुम्ही कुणाला बांधून आलात? गोठ्याबाहेर, अंगणात, गच्चीवर, गाडीच्या खाली? पाणी ठेवलं होतं? ते आता गार आहे? सावलीत बांधलं होतं? सावली आता कुठं आहे?

भंडारा थांबतो हो. वरण पुन्हा गरम करता येतं. आसऱ्याची रिक्षा देवळाच्या दारात उभी आहे, शबनमताई सोबत आहे, चादरी-गोणपाट उद्या द्या. पण आज आधी —

अरे! ते मागचे काका उठले... तोंड का उतरलं हो काका? मांडवाच्या खांबाला धरून उभे राहू नका, पळा! ए पोरांनो, पाय मागं घ्या, वाट द्या त्यांना! लोटा घेऊन जा काका, पाण्याचा लोटा घेऊन जा! आणि तुम्ही मावशी? तुम्हीही? जा, जा, चप्पल नंतर शोधा!

उरलेल्यांनी हरी म्हणा. पण हळू म्हणा मंडळी. कुठून साखळीचा आवाज येतोय का, तो ऐकू आला पाहिजे.